ओबोची उसनवारी

रोमँटिक काळाने वाद्यवृंदात ओबोला एकाहून एक सरस जागा दिल्या, चेंबर संगीतात मात्र हात आखडता घेतला. ब्राम्सला उतारवयात क्लॅरिनेटवादक रिचर्ड म्युलफेल्ड भेटला आणि 1891 ते 1894 या काळात क्लॅरिनेटच्या पदरात चार मोठ्या रचना पडल्या. ओबोच्या नशिबी असा म्युलफेल्ड आला नाही. ही उणीव अलीकडचे ओबोवादक उसनवारीने भरून काढतात. ‘रोमँटिक ओबो’ अशा छापाच्या ध्वनिमुद्रणांत शुमान पती-पत्नींची गाणी, ब्राम्सची गाणी, कुठल्यातरी व्हायोलिन सोनाटाचे रूपांतर असा ऐवज ओळीने येतो. वर पुस्तिकेत तक्रार असतेच, की या वाद्यासाठी त्या शतकात फारसे काही लिहिलेच गेले नाही. तक्रार अर्धी खरी आहे. उरलेल्या अर्ध्याकडे कानाडोळा होतो, आणि नेमके तिथेच कवितेशी सर्वात धीट व्यवहार झालेला आहे.

सुरुवात अर्थात शुमानच्या तीन रोमान्सेसपासून, ओपस 94. डिसेंबर 1849 मध्ये ड्रेस्डेनला लिहिलेल्या या रचना नाताळची भेट म्हणून पत्नी क्लाराला मिळाल्या. प्रकाशक झिमरॉकने त्या क्लॅरिनेटसाठीही छापू का असे विचारले, तेव्हा शुमानने साफ नकार दिला; दुसऱ्या वाद्यासाठी लिहायचे असते तर रचनाच वेगळी झाली असती, असे त्याचे म्हणणे. तरीही छापील प्रतीवर व्हायोलिन आणि क्लॅरिनेटचा पर्याय आलाच. रचनाकाराचा आग्रह बरोबर होता, हे पहिल्या रोमान्सचे एक पान वाजवून पाहिले तरी कळते. ओबोच्या पातीची फट इतकी बारीक, की फुंकलेली हवा संपता संपत नाही. वादकाला दम अपुरा पडत नाही. शिळी हवा छातीत कोंडते. ती आधी सोडावी लागते, मग नवी घ्यावी लागते, आणि शुमान त्यासाठी धड विरामच देत नाही. सनईवाल्यांसारखा गालात हवा राखून नाकाने श्वास घेणारे वादक यातून सहज पार पडतात. बाकीच्यांच्या वादनात जो ताण उतरतो, तो मात्र या सुरावटीला शोभतो. गुळगुळीत सफाई हा इथे गुण नव्हे. कवितेचे नाव शुमानने कुठेही घातलेले नाही, त्यामुळे या तुकड्यांना ‘शब्दांविना गाणी’ म्हणून गोंजारण्याचे कारण नाही.

शुमाननंतरच्या ओबो-रचनांपैकी ओबोवादक पास्कुलीच्या ऑपेरांवरच्या फँटसी म्हणजे बोटांची कसरत. राइनेके आणि हेर्झोगेनबर्ग यांची ओबो, हॉर्न व पियानोची त्रिकुटे सुबक, सज्जन आणि विसरण्याजोगी.

खरी झेप आउगुस्ट क्लुगहार्टच्या ‘शिल्फलीडर’मध्ये आहे (ओपस 28, 1872). वायमारमध्ये असताना क्लुगहार्ट लिस्टच्या वर्तुळात आला. ही रचनाही लिस्टलाच अर्पण केलेली आहे. ओबो, व्हायोला आणि पियानो यांच्यासाठीचे हे पाच तुकडे निकोलाउस लेनाऊच्या तळ्याकाठच्या पाच कवितांवर बेतलेले. लेनाऊच्या ओळी स्वरलिपीतच छापल्या आहेत. त्या वादकाने वाचायच्या, गायच्या कुणीच नाहीत. मेंडेल्सोनने यातल्या शेवटच्या कवितेचे गाणे केले, पुढे आल्बान बेर्गने तिसरीचे. दोघांकडे शब्द गायकाच्या तोंडी आहेत. क्लुगहार्टने गायकच ठेवला नाही. चौथ्या कवितेत मावळतीचे आकाश काळवंडते, विजेचे फिकट प्रतिबिंब तळ्यात भटकते आणि त्या लखलखाटात प्रेयसीचे उडणारे केस दिसल्याचा भास होतो. संगीतातही चौथा तुकडा आगीसारखा भडकतो. पाचव्यात चंद्रप्रकाश निश्चल पाण्यावर येतो, आणि वर सूचना असते ‘अतिशय शांत’. कविता डोळ्यांपुढे नसेल, तर भडक्यानंतरची ही शांतता ऐकणाऱ्याला निव्वळ सोय वाटते: वेगवान तुकडा झाला, आता संथ. कविता ठाऊक असेल, तर मनाने हाय खाल्लेला माणूस ऐकू येतो.

त्याच वाद्यमेळात चार्ल्स मार्टिन लोफ्लरच्या दोन राप्सडी आहेत. बॉस्टन सिम्फनीत व्हायोलिन वाजवणाऱ्या लोफ्लरने 1898 मध्ये मोरिस रोलिनाच्या कविता आवाज, क्लॅरिनेट, व्हायोला आणि पियानो यांच्यासाठी बांधल्या. त्याच वर्षी वाद्यवृंदातला क्लॅरिनेटवादक लेआँ पूर्तो ‘ला बूर्गोन्य’ जहाजाबरोबर बुडाला. 1901 मध्ये लोफ्लरने त्यांतल्या दोन रचना नव्याने लिहिल्या: गायक गेला, क्लॅरिनेटच्या जागी ओबो आला. ‘तळे’मध्ये आंधळे झालेले म्हातारे मासे आहेत आणि आतून उजळलेल्या कवटीसारखा चंद्र, ‘बॅगपाइप’मध्ये वाजवणारा मेला तरी त्याचा बॅगपाइप रात्री रडतोच आहे. गोड, ग्रामीण ओबोची अपेक्षा धरून बसलेल्याला हे झेपत नाही. झेपू नयेच.

लोफ्लरनेही रूपांतरच केले, असा बचाव उसनवारीवाले करतील. तो टिकणारा नाही. शब्दांच्या अनुपस्थितीचे काय करायचे, याचा विचार करून लोफ्लरने वीणच नव्याने घातली. आजचे रूपांतरकार गायकाची ओळ जशीच्या तशी ओबोला देतात, पियानोला हात लावत नाहीत, आणि तीन कडव्यांचे गाणे शब्दांवाचून तीनदा तेच वाजते. कवीचे नाव पुस्तिकेत कोपऱ्यात, कविता बहुधा नाहीच. क्लुगहार्ट वाजवणारेही पुष्कळदा कार्यक्रमपत्रिकेत पाच तुकड्यांच्या वेगाच्या सूचना तेवढ्या छापतात, म्हणजे रचनाकाराने मुद्दाम छापलेले वगळतात.

‘रचनाच नाहीत’ या तक्रारीमागचे कारण साधे आहे. ओबो आणि पियानो अशी जोडी दौऱ्याला स्वस्त पडते; क्लुगहार्ट किंवा लोफ्लर वाजवायचा तर व्हायोलावादक बोलवावा लागतो, त्याचे मानधन आणि तालमी आल्या. शुमान, क्लुगहार्ट आणि लोफ्लर एकत्र केले तर पाऊण तासाहून अधिक संगीत होते. एक ध्वनिमुद्रण त्यात सहज भरते, एकाही गाण्याला हात न लावता.