शत्रू सैनिकाच्याच पोटात असेल तर?

शालेय पुस्तके, भिंतीवरचे तक्ते आणि लोकप्रिय विज्ञानलेख यांत प्रतिकारशक्तीचे वर्णन बहुधा एकाच साच्यातले असते. शरीर हा किल्ला, जंतू हे शत्रू, पांढऱ्या पेशी हे सैनिक आणि प्रतिपिंडे ही त्यांची शस्त्रे. ही उपमा लहान मुलालाही चटकन समजते, हा तिचा गुण आम्हांला मान्य आहे. आमचा आक्षेप असा, की ती वापरणारे तिथेच थांबतात. मग 'पेशी जास्त, प्रतिपिंडे जास्त, म्हणजे प्राणी सुरक्षित' असा निष्कर्ष विद्यार्थी आपणहून काढतो. तो किती फसवा आहे, हे गुरांच्या एका रोगावरून पाहू.

जर्मनीतील ड्रेस्डेन येथे १८९५ साली हाइनरिख योने आणि लँग्डन फ्रॉदिंगहॅम यांना एका गाईच्या जाड झालेल्या आतड्यात क्षयाच्या जंतूंसारखे दिसणारे दंडाणू सापडले. हा पक्ष्यांच्या क्षयाचा जंतू असावा, असा त्यांचा तर्क होता. १९०६ मध्ये डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी हा क्षयाहून वेगळा रोग असल्याचे दाखवले. पशुवैद्यक त्याला 'जोन्स रोग' म्हणतात. गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या यांना होणारा हा रोग भारतातही आढळतो. त्याचा जंतू पक्ष्यांच्या क्षयजंतूचीच एक उपजात मानला जातो.

वासराला लागण बहुधा पहिल्या काही महिन्यांतच होते, शेणाने दूषित झालेल्या सडांतून, चाऱ्यातून किंवा दुधातून. जुलाब आणि खंगणे ही लक्षणे मात्र साधारणपणे दोन ते पाच वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतात. जनावर खाते, पण अंगी लागत नाही. मधल्या काळात जंतू असतो कोठे?

लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील अस्तर ओलांडून तो आत येतो आणि तेथील महाभक्षक पेशी त्याला गिळतात. उपमेप्रमाणे लढाई इथे संपायला हवी. प्रत्यक्षात येथून संसर्गाला सुरुवात होते. गिळलेला जंतू पेशीतील एका पिशवीत असतो. एरवी या पिशवीत पाचक रसांची भर पडते आणि जंतू मरतो. हा जंतू ती भर पडू देत नाही आणि भक्षकाच्या पोटातच सावकाश वाढतो.

त्याला आवरण्याचे मुख्य काम टी-पेशींचे. त्या इंटरफेरॉन-गॅमा नावाचे रसायन स्रवतात. त्याने महाभक्षक पेशी चेतवल्या जातात आणि जंतू बराच काळ ताब्यात राहतो, पण समूळ नष्ट होतोच असे नाही. प्रतिपिंडे रक्तात फिरतात, पेशीच्या आत दडलेल्या जंतूपर्यंत ती पोचत नाहीत. ती पुष्कळ वाढतात तेव्हा बहुधा रोग बळावलेला असतो आणि शेणातून जंतूही मोठ्या संख्येने बाहेर पडत असतात. म्हणजे प्रतिपिंडे भरपूर असलेली गाय सुरक्षित नव्हे, आणि प्रतिपिंडे न आढळलेली गाय निरोगी असेलच असेही नव्हे. हा प्रश्न परीक्षेतल्या गुणांपुरता नाही. नुकतीच लागण झालेली पुष्कळ जनावरे प्रतिपिंडांच्या चाचणीतून सुटतात, आणि तेवढ्यावर विसंबून आणलेली धडधाकट गाय पुढे साऱ्या गोठ्यातील वासरांना धोका ठरू शकते.

आतड्याची भिंत जाड होते तीही तेथे गोळा झालेल्या गुराच्याच पेशींमुळे. भिंतीला घड्या पडतात, अन्नरस नीट शोषला जात नाही, प्रथिने आतड्यात झिरपून वाया जातात. सैनिकांच्या गर्दीनेच किल्ल्याची रसद तुटते, असे उपमेच्या भाषेत म्हणता येईल.

वरच्या वर्गांच्या पुस्तकांत सैन्याची जागा तराजू घेतो. आधी टी-पेशींचे पारडे जड, मग ते हलके होऊन प्रतिपिंडांचे जड. १९८६ साली उंदरांच्या टी-पेशींत आढळलेल्या दोन प्रकारांवरून ही मांडणी पुढे आली. ती सैन्याच्या उपमेपेक्षा बरी, पण तीही पुरी नाही. मेंढ्यांच्या दीर्घकालीन निरीक्षणांत दोन्ही प्रतिसाद एकाच वेळी आढळले आहेत, आणि पारडे फिरतेच असेही दिसलेले नाही.

मग वर्गात काय सांगावे? पहिल्या दिवशी सैनिक जरूर येऊ द्यावेत. दुसऱ्या दिवशी मुलांना विचारावे, "शत्रू सैनिकाच्याच पोटात लपला तर शस्त्र कोणावर चालवायचे?" वरच्या वर्गात कुष्ठरोगाचे उदाहरण जोडता येईल. त्याच्या ज्या प्रकारात जंतू सर्वांत जास्त असतात, त्यातच प्रतिपिंडेही भरपूर असतात. 'प्रतिकारशक्ती वाढवा' या घोषणेपुढे कोणता प्रतिसाद, कोठे आणि केव्हा, हे तीन प्रश्न विचारायला विद्यार्थी शिकला, तर उपमेने आपले काम केले असे आम्ही म्हणू.