सहृदयाचा अभ्यास आणि ‘सुगम’ संगीताचे वर्गचरित्र

संगीताच्या आस्वादाची चर्चा मराठीत बहुधा ‘रसिक’ या एकवचनी पदापाशी सुरू होते आणि तेथेच थांबते. हा रसिक कोणत्या घरात वाढला, हळवे होण्याची मुभा त्याला कोठे व किती होती, हे प्रश्न सौंदर्यशास्त्राबाहेरचे मानले जातात. वास्तविक अभिनवगुप्ताची ‘सहृदय’ ही संकल्पना मूळचीच अभ्याससापेक्ष आहे. काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले, तो सहृदय. मात्र हे परिशीलन कोणाच्या वाट्याला येते, हे तेथे विचारलेले नाही. पिएर बोर्द्यू यांनी १९७९ च्या आपल्या अभिरुचीविषयक ग्रंथात नेमका हाच प्रश्न मध्यवर्ती केला. १९६० च्या दशकातील फ्रान्सच्या पाहणीत बाखच्या रचनांची आणि ‘ब्लू डॅन्यूब’ची पसंती शिक्षण व वर्ग यांनुसार विभागलेली आढळली. त्याहून मोलाचे त्यांचे निरीक्षण असे की, ‘शुद्ध’ अभिरुची नकारावर उभी असते. जे सहज भिडते, सहज रडवते त्याविषयीच्या किळसेवर.

भारतात या किळसेला काही काळ शासकीय धोरणाचे रूप मिळाले. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्याच वर्षी शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि चित्रपटगीते आकाशवाणीवरून हद्दपार होऊ लागली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर १९५७ मध्ये ‘विविध भारती’ काढावी लागली. ही कथा अभिजनांच्या फजितीची म्हणून चवीने सांगितली जाते, पण तिच्यातला टिकाऊ भाग निराळा आहे. चित्रपटगीताला पर्याय म्हणून आकाशवाणीने जे गायन जोपासले, त्याला ‘सुगम संगीत’ हे नाव रूढ झाले. एखाद्या कलाप्रकाराचे नाव त्याच्या रसावरून वा रूपावरून न पडता तो कळण्यास किती कमी सायास पडतात यावरून पडावे, हा उघड वर्गीय निवाडा आहे. (‘दुर्गम संगीत’ असा विभाग अर्थातच कोणी काढला नाही.)

तथापि बोर्द्यू यांचा साचा येथे पुरत नाही. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे केंद्रावरून वर्षभर प्रसारित झालेली ‘गीतरामायणा’ची ५६ गीते मराठी मध्यमवर्गाने डोळ्यांत पाणी आणून ऐकली. या वर्गाने भावनेकडे पाठ फिरवली नाही. तिला कुलीन पत्ता दिला. रागदारीवर बेतलेली चाल, संस्कृतप्रचुर शब्दकळा आणि रामकथा या तिन्हींच्या हमीवर रडणे प्रतिष्ठित झाले. रागाची हमी बैठकीच्या लावणीपाशीही होती. विलंबित लय होती, एकेका ओळीवर रेंगाळणारी, ठुमरीशी नाते सांगणारी अदाही होती. तरीही तिच्यातले आर्जव ‘उत्तान’च ठरत राहिले. हे विशेषण स्वरांचे वर्णन करीत नाही. ते गाणारीची जात आणि उपजीविका सांगते. अभिरुचीच्या फ्रेंच मीमांसेत जातीला जागा नाही, ही केवळ किरकोळ भर घालून भागेल अशी उणीव नव्हे. वर्ग बदलता येतो. फडावर गाणाऱ्या स्त्रीला कंठ कितीही कमावून ते साधले नाही.

दुसरी अडचण वारकरी भजनाची. रागाचे नावही न ऐकलेला भजनकरी चालीतली चूक तत्काळ ओळखतो. त्याचा कान शाळेत घडलेला नाही, पण अशिक्षितही नाही. वर्षानुवर्षांच्या एकादशांनी तो घडवला आहे. १९७० च्या दशकात भीमसेन जोशी यांच्या ‘अभंगवाणी’मुळे हाच ठेवा तिकीट काढून ऐकला जाऊ लागला. सभागृहातला श्रोता डोळे मिटून निश्चल बसतो, क्वचित मान हलवतो. दिंडीतला पावली खेळतो, टाळ वाजवतो, गळ्यात पडून रडतो. भावनेची तीव्रता दोघांची कदाचित सारखीच असेल. तिला शरीरात कोठपर्यंत येऊ द्यायचे, याचे वळण मात्र ज्याच्या त्याच्या जगण्याने लावलेले आहे. मराठी समीक्षेने पहिल्याच्या स्तब्धतेसाठी ‘तल्लीनता’, ‘अंतर्मुखता’, ‘समाधी’ असे शब्द सिद्ध ठेवले. दुसऱ्यासाठी तिच्याजवळ आजवर ‘भाबडा’ हा एकच शब्द राहिला आहे.