खडूची चव

चौतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. एवढ्या काळात माझ्या हातून किती मुलं शहाणी झाली ते सांगवत नाही, पण माझ्या नाकातोंडातून किती खडू आत गेला याचा अंदाज आहे. फळा पुसला की पहिल्या बाकावरची मुलं आणि मी मिळून डस्टरचा प्रसाद घ्यायचो. घरी येऊन चहा घेतला तरी पहिला घोट खडूसकटच जायचा. तेव्हा इंग्लंडातल्या एका द्राक्षबागेत एका गोऱ्या बाईंनी माझ्या हातात ग्लास देऊन, 'यात तुम्हाला खडू लागेल,' असं सांगितलं, त्या वेळी जमलेल्या बारा-पंधरा मंडळींत या विषयावर बोलण्याचा अधिकार असलेला मी एकटाच होतो. आणि नेमका त्याच वेळी मी खोटं बोललो.

पण आधी तिथे गेलो कसा ते सांगतो. माझा भाचा ब्रायटनला असतो. २०२३च्या सप्टेंबरात आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. राणीचा वाडा झाला, घड्याळ झालं, पूल झाला. एके दिवशी भाचा म्हणाला, "मामा, उद्या इथली वाईन प्यायला जाऊ." मला वाटलं, थट्टा करतोय. इंग्रज म्हणजे बिअर आणि चहा अशी माझी समजूत. व्हिस्कीसुद्धा स्कॉटलंडची. इंग्लंडात द्राक्षं पिकतात हे मी चौतीस वर्षांत एकाही वर्गाला सांगितलं नव्हतं, कारण पाठ्यपुस्तकात नव्हतं. पाठ्यपुस्तकात फक्त मेंढ्या होत्या.

स्वतःबद्दलही सांगायला हवं, कारण समीक्षकाची लायकी वाचकाला कळलेली बरी. मी पिणाऱ्यांतला नव्हे आणि न पिणाऱ्यांतलाही नव्हे. लग्नाकार्यात कोपऱ्यात कोणी आग्रह केला तर मी मान मोडत नाही. आमच्या हिची गोष्ट वेगळी. ती आयुष्यात द्राक्षासव सोडून दुसरं काही प्यायलेली नव्हती. "नुसती बघायला येते," म्हणून ती निघाली.

ब्रायटनहून उत्तरेला निघालं की साउथ डाउन्सच्या टेकड्या लागतात. हिरव्यागार, गुळगुळीत, नुकतंच न्हाऊमाखू घातलेल्या बाळाच्या पाठीसारख्या. कुठे कापलं गेलं असेल तिथे खालून पांढराशुभ्र खडक डोकावतो. हा खरा खडू. समुद्राच्या तळाशी कोट्यवधी वर्षं सूक्ष्म जीवांची कवचं साचून झालेला. हाच थर खाडीच्या तळाखालून पलीकडे जातो आणि फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रांतात पुन्हा वर येतो. हे मी नकाशावर पट्टी फिरवून कैक वर्षं शिकवलं होतं, प्रत्यक्ष आता पाहत होतो. डोळे भरून आले असं म्हणणार नाही, पण पट्टी आठवली.

बागेचं नाव सांगत नाही, कारण पुढे थोडं वाईट बोलायचं आहे. बाई हुशार होत्या आणि गोड बोलत होत्या. त्यांनी सांगितलं, की वाईनमध्ये साखर घालून तिला फेस आणायची युक्ती क्रिस्टोफर मेरेट या इंग्रजाने १६६२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचली, आणि फ्रेंच ज्याचं नाव घेतात तो दोम पेरिन्यों आपल्या मठात त्यानंतर सहा वर्षांनी आला. 'मूळ शोध आमचाच' हे म्हणायची हौस फक्त आपल्याकडेच आहे असं मी इतके दिवस समजत होतो. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या देशात वाईन होते का?" मी सांगितलं, १९८०च्या दशकात आमच्या नारायणगावची 'ओमर खय्याम' नावाची फेसाळ वाईन तुमच्याच देशात विकायला येत होती. बाईंनी भुवया वर केल्या. मी ती कधी प्यायलो नव्हतो, पण देशाभिमानाला चव लागत नाही.

मग प्रत्येकाला एक कागद मिळाला. त्यावर कुठल्या ग्लासात काय लागेल ते छापलेलं. पहिल्यात हिरवं सफरचंद, भाजलेला पाव, लिंबाची साल आणि खडू. आमच्या काळी परीक्षेआधी मुलं गाईड आणायची, त्यातलाच हा प्रकार. मी घोट घेतला. गार, आंबट, कोरडी, आणि जिभेवर बारीक टाचण्या टोचल्यासारखी. सफरचंद लागलं. पावाचा वासही लागला, पहाटे बेकरीवरून जाताना येतो तसा. खडू मात्र कुठेच नाही. बाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, "चॉक?" आणि मी मान डोलावून म्हणालो, "येस, येस, व्हेरी चॉकी." शेजारचे एक गृहस्थ आदराने बघायला लागले.

आमच्या हिने तेवढ्यात माझ्या ग्लासातून घोटभर घेतला, डोळे मिटले आणि मोठ्याने मराठीत निकाल दिला : "कैरी. पाडाला न लागलेली. आंबट आहे, पण चांगलं आंबट आहे."

मला एकदम आमच्या शाळेतला एक मुलगा आठवला. नाव नको, आता त्याला नातवंडं असतील. सहामाहीला 'मृदेचे गुणधर्म लिहा' असा प्रश्न होता. सगळ्यांनी गाईडातली पाच वाक्यं लिहिली आणि मी प्रत्येकाला चार गुण दिले. या पोराने लिहिलं होतं : 'आमच्या खालच्या वावरातली माती जिभेला लावली तर खारट लागते, तिथे ज्वारी नीट येत नाही.' मी त्यावर लाल शाईने काट मारली आणि शेजारी 'पुस्तकात आहे ते लिही' असा शेरा दिला. पुढल्या वर्षी तो शाळेत नव्हता. माझ्या शेऱ्यामुळे गेला असं नाही, बापाने गुरांमागे लावला. पण शेरा मीच दिला होता.

त्या दिवसापासून मी या विषयाचा थोडा अभ्यास केला. मास्तरांची खोड जात नाही. तर ऐका. हिरव्या सफरचंदात जे आम्ल असतं तेच द्राक्षातही असतं, आणि थंड हवेत द्राक्ष गोड व्हायला कांकूं करतं म्हणून ते मुबलक राहतं. कैरीतही तेच आम्ल असतं, म्हणजे आमची ही बरोबर होती. पावाचा वासही खरा. ही वाईन एकदा झाल्यावर बाटलीत पुन्हा साखर आणि यीस्ट घालून दुसऱ्यांदा आंबवतात. गॅसला बाहेर जायला वाट नसते म्हणून तो आतच मुरतो. मग ती बाटली मेलेल्या यीस्टवर महिनोन्‌महिने, आणि चांगली असेल तर काही वर्षं, पडू देतात. बेकरीत यीस्ट आणि इथेही यीस्ट, वास सारखा येणारच. साध्या वाईनला जो आंबटपणा दोष ठरतो, तोच फेसाळ वाईनचा कणा असतो. म्हणून इंग्लंडने हा धंदा पकडला आणि शहाणपणा केला. फ्रान्सच्या ततँजे घराण्याने २०१५ साली केंटमध्ये जमीन घेतली, ती काही इंग्रजांच्या प्रेमाखातर नव्हे.

पण खडू? ॲबरिस्टविथचे भूशास्त्रज्ञ ॲलेक्स मॉल्टमन बरीच वर्षं सांगत आहेत, की खडकाची चव मुळांतून वर चढून ग्लासात उतरत नाही. खडू पाणी धरून ठेवतो आणि जादा पाणी निचरून देतो, वेलीला हवं ते एवढंच. शिवाय ससेक्सच्या सगळ्या बागा खडूवर नाहीतच. न्यायटिंबर हे तिथलं गाजलेलं नाव, आणि त्याच्या मूळ बागेखाली खडू नसून हिरवट वालुकाश्म आहे. म्हणजे कागदावरच्या चार चवींतल्या दोन-तीन जिभेच्या आणि एक जाहिरातीची. टीका माझी एवढीच आहे. इतकी चांगली वस्तू हातात असताना शेजाऱ्याचा खडू उसना कशाला घ्यायचा?

आणि चांगली आहे हो ती. फेसाळ पांढरी मला मनापासून आवडली. गुलाबी त्याहून किंचित गोडसर वाटली, पाहुण्यांसमोर ठेवायला बरी. बॅकस नावाच्या द्राक्षाची साधी पांढरी वाईन होती, तिचा वास पावसात भिजलेल्या कुंपणासारखा हिरवा. एक ग्लास पुरे. तांबडी मात्र पाहुणे वाढले म्हणून पाणी घालून वाढवलेल्या आमटीसारखी लागली. तिला ऊन कमी पडतं, आणि ते काही बाईंना बाटलीत भरता येत नाही.

याच न्यायटिंबरवाल्यांनी २०१२ साली, उन्हाळा थंड आणि ओला गेला म्हणून, एक थेंब वाईन केली नाही. द्राक्षं मनासारखी नाहीत, तर यंदा काही नाही. मला हे वाचून फार बरं वाटलं. आपल्याकडे दिवाळी अंकांनी हा नियम पाळला तर काय होईल असाही एक विचार मनात येऊन गेला.

दुपारी जेवायला पबमध्ये गेलो. 'प्लाउमन्स लंच' म्हणजे नांगऱ्याचं जेवण : पाव, चेडर चीज, कांदा, सफरचंदाच्या फोडी आणि काळसर गोड लोणचं. मी नांगर धरलेल्या इंग्रजाची शिदोरी समजून भक्तिभावाने खाल्लं. नंतर कळलं, की पाव-चीज जुनं असलं तरी हे नाव लोकांच्या तोंडी बसवलं ते १९५० आणि ६०च्या दशकांत चीज खपवणाऱ्यांनी. म्हणजे इथेही कागद. पण जेवण उत्तम, विशेषतः कांदा.

त्यावर 'ससेक्स पाँड पुडिंग' आलं. मैद्याच्या जाड पारीत लोणी, साखर आणि आख्खंच्या आख्खं लिंबू कोंबून तासन्‌तास वाफवतात. कापलं की रस वाहून ताटलीत तळं होतं. पारीत जुन्या रीतीप्रमाणे गाईच्या चरबीचा चुरा असतो, त्यामुळे आधी विचारून घेतलं. इथे वनस्पती तेलाचा होता. हिने लिंबाची साल खाल्ली आणि म्हणाली, "हे तर आपलं लिंबाचं गोड लोणचं. यांनी मोदकात घातलंय." याहून नेमकं परीक्षण मी तरी कुठे वाचलं नाही.

निघताना पुन्हा बागेशी थांबून पस्तीस पौंडांची एक बाटली घेतली. रुपयांत किती झाले ते हिला सांगितलं नाही. तिला गुणाकार येतो. पैसे देताना बाईंना म्हणालो, "मॅडम, मघाशी मी खोटं बोललो. मला खडू लागला नव्हता. आणि मी जन्मभर खडू खाल्लाय." बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "मलाही कधी लागला नाही. पण कागदावर आहे ना."

गाडीत बसल्यावर भाच्याने उरलीसुरली हवाही काढली. म्हणाला, "मामा, फळ्याचा खडू बहुतेक वेळा जिप्समचा असतो. तो खरा खडू नव्हेच." म्हणजे चौतीस वर्षांचा अधिकारही गेला.

संध्याकाळी ब्रायटनच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर बसलो. मी आणि भाच्याने तळलेला मासा आणि बटाटे आणले, हिने डब्यातून दशम्या आणि लसणाची चटणी काढली. कागदी पेल्यांत बाटली ओतली. तळणीवर ती अशी काही लागली, की भज्यांबरोबर आपण उगीच इतकी वर्षं चहा घेतला असं वाटलं. चटणीपुढे मात्र तिचं काही चाललं नाही. जीभ पेटली आणि बुडबुड्यांनी वर वारा घातला. ही म्हणाली, "चटणी जिंकली." मी मासा खाली ठेवून पेला वर धरला, मावळतीकडे पाहिलं आणि कागदाशिवाय काही सुचतंय का ते बघायला लागलो. तेवढ्यात मागून एक भला मोठा सीगल आला आणि मासा घेऊन गेला. वाईनकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. चटणीकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि लांब जाऊन बसला.