पंक आणि सोहिरोबा

‘पंक’ म्हणजे आपल्या भाषेत चिखल. लंडनमध्ये १९७६ च्या सुमारास उसळलेले पंक संगीत निराळे. त्याची ओळख आपल्याकडे रंगविलेले केस आणि टाचण्या लावलेले कपडे एवढीच झाली. तो वेश तर तेथेही दुकानात विकत मिळे! आम्हांस त्या वृत्तीचे मर्म नकारात दिसते. आणि तो सोहिरोबानाथ आंबिये यांच्या चरित्रात आहे. १७१४ मध्ये जन्मलेल्या या कवीने कुळकर्णीपण सोडले. महादजी शिंद्यांच्या काव्याची खोटी वाखाणणी करण्यासही ते कबूल झाले नाहीत, अशी आख्यायिका आहे. मुरगाव तालुक्यात, वास्कोच्या दामोदर सप्ताहात, अखंड भजन चालते. भजनाच्या कोणत्याही बैठकीत सोहिरोबांचे पद संपताच यजमानाची स्तुती आरंभणे, सूर कितीही शुद्ध असो, आम्हांस त्या पदाशी बेइमानी वाटते.