इथल्याच पोराची गोष्ट

"कुठचा हायेस?"
"इथलाच. खामगावचा."
"इथलाच हायेस तं फॉर्म कायले पायजे?"

बारावीनंतर एका वसतिगृहाच्या खिडकीशी झालेला हा संवाद. खिडकीतला माणूस वाईट नव्हता. त्याने नियम सांगितला आणि माझ्या मागच्याला पुढे बोलावलं. ज्याचं घर गावातच आहे त्याला वसतिगृह कशाला, हा प्रश्न कुणालाही बरोबरच वाटेल. आमचं घर म्हणजे एक खोली, वर पत्रे, आत सहा माणसं. बाबा मार्केट यार्डात हमाल. पहाटे उठायचे, म्हणून रात्री नऊला दिवा बंद. हे लिहायला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

पुढे मराठी घेऊन एम. ए. केलं. तेव्हा कळलं की रकाना आपल्या साहित्यातही नाही.

मराठीत गरीब विद्यार्थ्याची गोष्ट बहुतेक वेळा एस. टी. स्टँडवर सुरू होते. गाव सुटतं, वळकटी गाडीच्या टपावर चढते, आई पदर डोळ्याला लावते. 'कोसला'तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर गरीब नाही, पण तोही खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला येतो. मला ती कादंबरी एका वेगळ्याच कारणासाठी आवडते. पांडुरंग सुरुवातीलाच वडिलांचे किती हजार रुपये आपण घालवले ते सांगून टाकतो. कॉलेजला पैसे लागतात, ते कुणाच्या तरी खिशातून जातात, हे इतक्या उघडपणे सांगणारी पुस्तकं आपल्याकडे कमी. पण त्याच्या वडिलांच्या खिशात ते असतात तरी. प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी'मध्ये (१९७९) अक्षराआधी भाकरीचा प्रश्न आहे. त्या पोरक्या मुलाची वाट औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयापर्यंत जाते. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९५० मध्ये सुरू केलं. दोन पुस्तकांत जमीन-अस्मानाचा फरक. तरी दोन्हींत शिकणं म्हणजे गाव सोडून शहरात जाणं.

आणि जो आधीच शहरात आहे, पण शहराच्या चुकीच्या टोकाला, त्याचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो तो सदानंद देशमुखांची 'बारोमास' वाचताना. आमच्याच जिल्ह्यातले लेखक, आमचीच भाषा, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार. २००२ मध्ये ती आली त्याला आता दोन दशकं उलटून गेली, पण बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर एकनाथ अजून बसलेला दिसेल. एम. ए. बी. एड. झालाय. शिक्षणसंस्थेत नोकरी हवी तर पैसे मोजावे लागतात, ते नाहीत, म्हणून शेतात अडकलाय. शिकलेली बायको अलका त्या घरात रुळत नाही. 'शिका म्हणजे सुटाल' या वाक्याची इतकी थंड डोक्याने केलेली तपासणी मराठीत फार थोड्यांनी केली आहे. कॉलेज परवडलं तरी पुढचं दार परवडेल असं नाही, हे देशमुखांनी कुठलंही भाषण न ठोकता दाखवलं. वऱ्हाडी संवाद वाचताना तर मला आमच्या घरातलीच माणसं बोलताहेत असं वाटतं.

तरीही या महत्त्वाच्या कादंबरीशी माझं भांडण आहे. तिच्यात शेतकऱ्याच्या नजरेला तालुक्याचं गाव दिसतं ते नाडणारं. तिथे बाजार आहे, व्यापारी आहे, संस्थाचालक आहे. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ते तसंच दिसणार, खोटं काही नाही. पण शेतकऱ्याचं पोतं यार्डात उतरतं तेव्हा ते कुणीतरी पाठीवर घेतं. त्या पाठीच्या मालकालाही पोरगा आहे, आणि तो पोरगा गो. से. महाविद्यालयाच्या फाटकावरून रोज जातो. खामगावात ते कॉलेज १९४७ पासून आहे. चालत जाण्याच्या अंतरावर कॉलेज असणं हे केवढं भाग्य! पण अंतर फक्त किलोमीटरमध्ये असतं तर हा लेख लिहायची गरज पडली नसती.

शासन निर्णय हेही मराठी गद्यच. मी तेही वाचतो (सवय वाईट आहे, पण मित्रांना फॉर्म भरून देता देता लागली). अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना घ्या. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून ती आली, आणि कल्पना खरोखर चांगली आहे. जागा नसेल तर विद्यार्थ्याच्या खात्यात पैसे. मोठ्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये. महापालिका नसलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. त्यात निवासाचे १२,०००, म्हणजे महिन्याला हजार. या गद्याचा नायक कोण? अट वाचा : विद्यार्थी स्थानिक नसावा. नायक पुन्हा तोच, एस. टी.तून उतरलेला.

यामागचं तर्कशास्त्र मला कळतं. पैसा मोजका आहे. ज्याला डोक्यावर छप्परच नाही त्याला आधी द्यावा. मोताळ्याच्या आतल्या गावातून येणाऱ्या पोरीचे हाल माझ्यापेक्षा जास्तच होते, हेही मला मान्य. पण 'छप्पर आहे' आणि 'अभ्यासाला जागा आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. शासन निर्णय त्यांना एकच समजतो, कादंबरीही तशीच समजत आली.

अपवाद सांगायलाच हवा. नरेंद्र जाधवांचं 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३) शहरी कष्टकऱ्याच्या घरातलं शिक्षण सांगतं. मुंबईत वडाळा, पोर्ट ट्रस्टमधली बापाची नोकरी, जवळच माटुंग्याला रुईया. पुस्तक उमदं आहे. पण त्या घरामागे एक नोकरी उभी आहे. माझ्या बाबांच्या हमालीला पावसाळ्यात खाडे असतात. आणि त्या पुस्तकाच्या यशानंतर आपण एक सोपी गोष्ट शिकलो : कष्टकरी बाप, जिद्दी मुलगा, शेवटी मोठं पद.

आज तुमच्या मोबाइलवर हीच गोष्ट तीस सेकंदांत येते. रिक्षावाल्याची मुलगी, भाजीवालीचा मुलगा, पेढा, हार, मागे वाजणारं संगीत. म्हणजे शहरातला गरीब विद्यार्थी दिसतो, पण फक्त निकालाच्या दिवशी. अठ्ठावन्न टक्केवाला दिसत नाही. बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला मोबाइलच्या दुकानात लागला आणि परत वर्गात आलाच नाही, तो तर नाहीच नाही. अशा रील्सना मी समीक्षेचा विषय मानतो, कारण हल्ली बहुतेकांना शिक्षणाची गोष्ट इथूनच कळते. आणि त्या गोष्टीत हाल हा दागिना झालाय. दागिना कोण काढून ठेवेल?

फी हा खर्चाचा दिसणारा भाग. त्यावर काम झालंय. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. एस. टी.च्या पासात विद्यार्थ्याला भाड्याचा एक तृतीयांशच द्यावा लागतो. पण मी वर्गात बसलेल्या प्रत्येक दिवशी माझी मजुरी घरी येत नव्हती, आणि तो आकडा कुठल्याच पावतीवर नव्हता. तो फक्त आईच्या डोक्यात होता.

तुम्ही आमच्याकडच्या अभ्यासिका पाहिल्यात का? दुकानांच्या वरच्या मजल्यावर, प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकाला एक ट्यूबलाइट, भिंतीवर एमपीएससीचा अभ्यासक्रम. पोरं महिन्याचे पैसे भरून तिथे बसतात. बाहेरून पाहणारा म्हणतो, स्पर्धा परीक्षेचं वेड लागलंय. असेल. पण त्यातली निम्मी पोरं दिव्यासाठी बसलेली असतात. मीही बसलो. शेजारच्या कप्प्यातला रात्री बाराला डोकं टेकवून तिथेच झोपायचा, कारण घरी त्याची झोपायची जागा पाहुण्याला दिलेली असायची. स्थानिकांचं वसतिगृह म्हणतात ते हेच, फक्त त्याला अनुदान नाही. या खोलीवर मराठीत कादंबरी लिहिली जावी अशी माझी फार इच्छा आहे.

इच्छा आहे म्हणतो, पण माझी पहिली कथा काढून पाहिली परवा. एका स्पर्धेला पाठवलेली. नायक गरीब, हुशार, आणि चक्क खेड्यातला. शेत, बैल, आटलेली विहीर, सगळं. मी आयुष्यात नांगर धरलेला नाही. आमच्या खोलीवर कथा होऊ शकते असं तेव्हा मला वाटलंच नव्हतं. बक्षीस मिळालं, परीक्षकांनी मातीचा वास येतो म्हणून कौतुक केलं.

अभ्यासिकेतल्या त्या मित्रानेही पुढे असंच केलं. नंतर एका फॉर्मवर त्याने कायमच्या पत्त्याच्या रकान्यात मामाचं गाव टाकलं. सरकारी कागदावर तो अजून तिथलाच आहे. परवा यार्डापाशी भेटला तर हसत म्हणाला, "मामाच्या घरी मी एक रात्र बी झोपलो नाही बे."