गावाची ओढ आणि विहिरीतलं मढं

माडगुळे आणि आटपाडी. दोन्ही गावं माणदेशातली, एकाच तालुक्यातली, आणि संस्थानं होती तेव्हा दोन्ही औंध संस्थानात. आटपाडीत १९२१ साली शंकरराव खरात जन्मले. माडगुळ्यात १९२७ साली व्यंकटेश माडगूळकर जन्मले. ऊन तेच, दुष्काळ तोच, बोरी-बाभळी त्याच, माणगंगेचं कोरडं पात्र तेच. पुढं दोघंही लेखक झाले, मोठे झाले. १९८३ ला अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष माडगूळकर, लगेच १९८४ ला जळगावच्या संमेलनाचे अध्यक्ष खरात. एवढं सगळं सारखं. तरी दोघांच्या पुस्तकातलं गाव एक नाही.

का नाही, ते मला बोलायचंय. मी समीक्षक नाही. सूतगिरणीत रिंग खात्यात बदलीवर आहे. तिसरी पाळी सुटली की झोप यायच्या आधी जे वाचून होतं ते वाचतो. शाळा अर्ध्यात सुटली, त्यामुळं सौंदर्यशास्त्र वगैरे मला विचारू नये. पण गाव काय असतं ते मला कुणी शिकवायची गरज नाही.

हे आत्ताच का लिहितोय, तर गावाचं कौतुक परत वाढलंय. हायवेनं जाताना दर दोन मैलाला पाटी : चुलीवरचं मटण, चुलीवरची भाकरी. हुरडा पार्टी आहे, कृषी पर्यटन आहे, बैलगाडीत बसून फोटो आहे. शनिवारी येतात, रविवारी जातात, आणि गेल्यावर लिहितात की खरं जगणं गावातच. माझी आई चुलीपुढं फुंकणी फुंकून फुंकून खोकते, तो खोकला त्या पाटीवर नसतो. अशी माणसं पुस्तकंही त्याच जिभेनं वाचतात. 'माणदेशी माणसं' त्यांना चुलीवरच्या मटणासारखं लागतं. अस्सल, खमंग, मातीचा वास.

यात माडगूळकरांचा दोष किती? माझ्या मते फार नाही. आपल्यातले काही दोस्त म्हणतात, तो बामणाचा लेखक, त्याला गाव दिसलंच नाही. ज्यानं असं म्हटलं त्यानं पुस्तक उघडलेलं नाही. 'माणदेशी माणसं' १९४९ चं. त्यातला धर्मा रामोशी घ्या. म्हातारा फाटका, त्याला सांगणारा एक धोतर देतो. तरी म्हातारा फाटकाच हिंडतो. का, तर ते धोतर घरी लेकीच्या अंगावर आहे, लुगडं म्हणून. हे मी गिरणीच्या गेटवर पाळीची वाट बघत वाचलं आणि भोंगा झाल्यावरही दोन मिनिटं उठलो नाही. असलं लिहिणारा आंधळा नसतो. 'बनगरवाडी' १९५५ ची, तिचंही तेच. पाऊस जातो, मेंढरं मरतात, वाडी उठून जाते, आणि मास्तरानं मन लावून उभं केलेलं सगळं ओस पडतं. खोटं कुठंच नाही.

मग अडतंय कुठं? माडगूळकरांच्या गावात भूक आभाळातनं येते. पाऊस नाही म्हणून भूक. त्यामुळं वाचणाऱ्याला वाईट वाटतं पण राग येत नाही. राग कुणावर धरायचा, ढगावर? धर्म्याची लेक धोतर नेसली हे दिसतं. धर्म्याच्या वाट्याला जमीन का नाही, रामोशानं गाव राखायचं तर त्याला गावानं काय द्यायचं ठरलं होतं आणि काय दिलं, हे त्या गोष्टीच्या बाहेर राहतं. आणि सांगणारा त्या झोपडीतनं बाहेर पडून आपल्या घरी जाऊ शकतो. खालच्या मानेनं जातो, पण जातो.

आता खरात. 'तराळ-अंतराळ' १९८१ चं. त्यात विहिरीतल्या मढ्याचा प्रसंग आहे. विहिरीत मढं सापडलंय. वडील गावचे तराळ, म्हणून राखणीला त्यांनी बसायचं. पोलीस येईपर्यंत हलायचं नाही. पोरगा भाकरी घेऊन जातो. पोलीस येतात, आणि मढं काढायला विहिरीत उतरायचं कुणी? तराळानं. जीव जाईल म्हणाल तर जाऊ दे, ते तुझं काम. पोरगा काठावर उभा राहून हे बघतो.

इथं आभाळाचा काय संबंध? इथं माणसाला विहिरीत ढकलणारा चावडीतनं येतो, त्याच्याकडं हुकूम आहे, वहिवाट आहे. पाणी प्यायला ज्या विहिरीच्या पायरीवर आपला बाप चढू शकत नाही, तिच्यात मढं असलं की गाव त्यालाच आत घालतं. मढं काढताना बाट लागत नाही, घागर भरताना लागते. हा हिशोब मी आईला वाचून दाखवला तर ती म्हणाली, "ह्यात नवीन काय हाय?" तिला नवीन नव्हतं. मला होतं, कारण छापलेलं मी पहिल्यांदा बघत होतो.

आणि गंमत बघा. याच औंध संस्थानात राजानं १९३९ साली गावांच्या हाती कारभार दिला. गांधींचा सल्ला त्याच्या मागं होता. प्रत्येक गावाची पंचायत, पाच पंच, त्यांच्या वर तालुका. राजानं आपणहून सत्ता सोडली, ही गोष्ट मोठीच, मी थट्टा करत नाही. पण सत्ता सोडली ती गावाला, आणि गाव म्हणजे कोण? तराळाचं काम तराळाच्याच गळ्यात राहिलं. महार वतन कायद्यानं गेलं ते १९५८ च्या कायद्यानंतर. म्हणून ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेब उभे राहिले आणि गाव म्हणजे कोतेपणाचं डबकं, अज्ञानाची गुहा अशा अर्थाचं बोलले, तेव्हा ते रागाच्या भरात बोलले असं मला वाटत नाही. गावाला देशाचा पाया करा म्हणणारे समोर बसले होते, त्यांना ते पाया उकरून दाखवत होते. त्याच्या आधी १९४२ साली नागपूरच्या परिषदेत आपल्या लोकांनी स्वतंत्र वसाहती मागितल्या होत्या. गावापासनं वेगळी गावं. ती मिळाली नाहीत. मिळालं ते शहर, ज्याला जमेल त्याला.

इथपर्यंत आपल्यातले सगळे माना डोलावतील. आता पुढचं आवडणार नाही.

खरातांनी जे लिहिलं ते त्यांनी काठावर उभं राहून बघितलेलं होतं. दया पवारांनी 'बलुतं' लिहिलं १९७८ ला, तेही अंगावर घेतलेलं होतं. आणि आपण? आपली गावावरची कविता आता ठरलेली झालीय. एक वेस, एक मेलेलं ढोर, एक विहीर, एक पाटील, शेवटी मशाल. मी नाव कुणाचं घेत नाही, कारण घ्यायचं तर माझंच घ्यावं लागेल. मी असली कविता एका जयंतीच्या कार्यक्रमात म्हटली. टाळ्या पडल्या. आई पुढं सतरंजीवर बसलेली. घरी जाताना मला म्हणाली, "ढोर हाय, हीर हाय, पाटील हाय तुझ्या गाण्यात. म्या कुठं हाय? तुझ्या आज्जीनं तीन शेरडांवर चार पोरं जगवली त्ये कुठं हाय? लिंबाखाली आमी बाया रातभर भीमाची गाणी म्हणायचो, त्यो लिंब तोडला काय रं तू?"

तोडला होता. मला वाटत होतं लिंब ठेवला तर विद्रोह पातळ होईल. गावात सुखाचं काही होतं असं कबूल केलं की लगेच कुणीतरी म्हणेल, बघा, एवढं काही वाईट नव्हतं. ही भीती खोटी नाही, असं म्हणणारे टपून बसलेलेच असतात. पण भीतीनं लिहिलेली कविता ती भीतीचीच होते. 'बलुतं' परत वाचा. कावाखान्याची खोली आणि गावचा महारवाडा, दोन्हीकडं तो माणूस येतो जातो. त्यात जत्रा आहे, तमाशा आहे, आपल्या माणसांचं हसणं आहे, आणि म्हणूनच त्यातलं अपमानाचं पान जास्त कापतं. ज्याला हसताना बघितलं त्याला वाकताना बघवत नाही.

माझं सांगतो. मार्च २०२० ला टाळेबंदी झाली, गिरणी बंद, खोलीत चार पोरं आणि भाडं चालू. मी आणि आमच्याच वाड्यातला एक जण चालत निघालो. मध्ये एका टेंपोनं घेतलं, बाकी पाय. गावच्या तोंडाला रस्त्यावर काटी टाकलेली. आमाला शाळेत ठेवलं, चौदा दिवस. बाहेरनं आलेले एकूण नऊ. सात जण एका खोलीत, आम्ही दोघं दुसऱ्या खोलीत. अंतर ठेवायचं म्हणून असेल. पण त्या सात जणांत आपापसात अंतर नव्हतं, एका ताटलीतले शेंगदाणे खात होते. आमचं पाणी वेगळ्या कळशीत, लांबनं ठेवलेलं. रोगाचं नाव नवीन, कळशी जुनी.

आणि तेच चौदा दिवस मी जन्मात झोपलो नाही असा झोपलो. हे लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो. शाळेच्या व्हरांड्यात रात्री आडवं पडायचं. कानात साच्यांचा आवाज नाही, नाकात कापसाची रुई नाही. टिटवी ओरडत जायची. एका संध्याकाळी वळवाचा पाऊस पडला आणि मातीचा असा वास सुटला की माझ्यासोबतचा पोरगा, ज्याला त्या कळशीवरनं सकाळी रडू आलं होतं, तोच उठून अंगणात उभा राहिला आणि भिजला. आता या दोन गोष्टींतली खरी कुठली? दोन्ही त्याच शाळेतल्या. सुट्ट्या करता येत नाहीत. माडगूळकरांच्या वाचकाला फक्त वळीव पाहिजे आणि आमच्या टाळ्यावाल्यांना फक्त कळशी.

शहराचंही गाणं मी गाणार नाही. बाबुराव बागुलांनी १९६३ सालीच 'जेव्हा मी जात चोरली होती' लिहून ठेवलंय. आजही घरमालक आधी आडनाव विचारतो, आडनावानं भागलं नाही तर "मूळ गाव कुठलं" म्हणतो, आणि तेवढ्यानं त्याला कळतं. पण शहरात एक आहे. पाळी सुटली की मी कुणाचा नसतो. गावात पोरगा पन्नास वर्षांचा झाला तरी अमक्याचा नातू असतो. हे ज्याला गोड लागतं त्याचा आजोबा कोण होता ते विचारावं.

माझी तक्रार आणखी एक आहे. जे निघाले त्यांनी लिहिलं. जे राहिले त्यांचं कुणी लिहीत नाही. आपलं गाव अजून तराळकीतच थांबलंय. तराळकी केव्हाच गेली, गाव तर चालूच आहे. माणदेशात आता टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी आलंय, माळावर डाळिंबं दिसतात. आटपाडीला १९९३ पासून पाणी परिषदा भरल्या. समन्यायी पाणी पाहिजे, ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा हक्क पाहिजे अशी मागणी त्या लढ्यातनं पुढं आली. केवढी मोठी मागणी! तिच्यावर आपल्यातल्या एकाची कविता दाखवा. हाडकी-हाडोळ्याची जमीन कुणाकडं गेली, कशी गेली, एका घरात पाच वाटे पडून दीड-दीड गुंठा कसा राहिला, पाठीवर पंप बांधून दुसऱ्याच्या डाळिंबावर औषध मारणारी आपली पोरं संध्याकाळी का ओकतात, यावर कुणी लिहिलंय? आमच्या गावात नळ आलाय. आमच्या वाड्याला पाणी सगळ्यात शेवटी सुटतं, आणि सोडणारा म्हणतो, "तुमी उताराला हाय, तुमालाच जास्त येतं." हे वाक्य मी कवितेत घालायला गेलो तर बसेना. म्हंजे कविता बदलायला पाहिजे, वाक्य नाही.

काही दोस्त म्हणतील, ललित लिहायला लागला, गावाच्या प्रेमात पडला. प्रेमात आधीपासनंच आहे, दोस्तांनो, तुम्हीपण आहात. नाहीतर जयंतीला, जत्रेला, मयतीला उभ्यानं एसटीचा प्रवास करून आपण कशाला जातो? खरातांच्या बापानं विहिरीत उतरायच्या आधी त्या गावाची रात्र रात्र राखण केली होती. राखणाऱ्याला गाव ठाऊक असतं, माडीवर झोपणाऱ्यापेक्षा जास्त. कुठलं कुत्रं कुणाचं, कुठल्या वाटेला साप, कुणाच्या घरात रात्री रडणं, सगळं. ते ठाऊकपण आपलं आहे. ते माडगूळकरांच्या वाचकाला फुकट देऊन टाकायचं आणि आपण फक्त मढं घेऊन बसायचं, हे मला पटत नाही.

परवा आईचा फोन आला. घरकुलाच्या यादीत नाव लागलंय, पाया घ्यायचाय. ती म्हणाली, "दार कुठल्या तोंडाला घ्यायचं त्ये तू ठरीव. गावाकडं का माळाकडं?" मी तेव्हा काही बोललो नाही. या रविवारी पाळी बदलून मिळाली तर जाऊन बघतो.