बेकारीची सही आणि चोरटे श्रम : ‘बॉईज फ्रॉम द ब्लॅकस्टफ’चे पुनर्वाचन

ॲलन ब्लीसडेल या लिव्हरपूलच्या नाटककाराने लिहिलेली ‘बॉईज फ्रॉम द ब्लॅकस्टफ’ ही पाच भागांची मालिका ऑक्टोबर-नोव्हेंबर १९८२ मध्ये बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवरून प्रसारित झाली. त्याच वर्षाच्या जानेवारीत ब्रिटनमधील नोंदणीकृत बेकारांची संख्या तीस लक्षांच्या पुढे गेली होती. फिलिप सॅव्हिल दिग्दर्शित या मालिकेचे स्मरण आज बहुधा एकाच पात्राच्या आधारे केले जाते. ते पात्र म्हणजे बर्नार्ड हिल यांनी साकारलेला योसर ह्यूज. मुलांना सोबत घेऊन भेटेल त्याच्याकडे काम मागत फिरणारा हा मनुष्य त्या दशकाच्या बेकारीचे प्रतीक ठरला. हे प्रतीक प्रभावी आहे यात शंका नाही. परंतु त्याने मालिकेच्या मूळ विषयावर पडदा टाकला, हेही तितकेच खरे. पहिल्या तीन भागांचा विषय काम नसलेला मनुष्य हा नसून, भत्ता घेत असताना गुपचूप रोखीने काम करणारा मनुष्य हा आहे.

येथे या व्यवस्थेचे स्वरूप ध्यानात घेणे आवश्यक ठरते. त्या काळी भत्ता घेणाऱ्या व्यक्तीने ठरावीक दिवशी कचेरीत जाऊन आपण कामास उपलब्ध आहोत व मधल्या काळात काम केलेले नाही, अशा निवेदनाखाली सही करावयाची असे. काम केल्यास ते कळविणे बंधनकारक असे आणि क्षुल्लक रकमेपलीकडील मिळकत भत्त्यातून वजा होई. परिणामी चार दिवसांचे तुटपुंजे काम प्रामाणिकपणे कळविणाऱ्याच्या हाती जवळजवळ काहीच उरत नसे. न कळविणारा मात्र गुन्हेगार ठरे. अर्थात अपराध श्रमात नसून सहीत होता. मराठी वाचकास १९८२ हे वर्ष मुंबईतील गिरणी संपामुळे परिचित आहे. संपकाळात मिळेल ते किरकोळ काम करणाऱ्या गिरणी कामगाराच्या मागे तपासनीस लागण्याचे कारण नव्हते, कारण त्याला असा भत्ताच नव्हता. उपासमारीचा धोका त्याला होता, सहीचा नव्हता.

ब्लीसडेलची पात्रे एकेकाळी रस्त्यावर डांबर अंथरणाऱ्या टोळीतील आहेत. १९८० साली प्रसारित झालेल्या ‘द ब्लॅक स्टफ’ या पूर्वनाट्यात मालकाच्या नकळत खाजगी काम घेण्याच्या मोहापायी त्यांनी नोकरी आणि साठविलेले पैसे दोन्ही गमावलेले असतात. म्हणजे ही माणसे आरंभापासून निष्कलंक नाहीत, आणि लेखकाला तसे भासवावयाचेही नाही. मालिकेचा पहिला भाग भत्ता कचेरीतील मुलाखतींनी सुरू होतो. तेच प्रश्न, तीच खिडकी आणि प्रत्येकाचे वेगळे उत्तर, यांतून एकही भाष्य न करता पाच स्वभाव उभे राहतात. चौथा भाग वगळता सर्व भाग व्हिडिओवर चित्रित झाले आहेत. त्या सपाट प्रकाशामुळे कचेरीची दृश्ये बातमीपटासारखी वाटतात, हा मालिकेचा मोठा गुण होय.

त्यानंतर क्रिसी व लॉगो मलॉय नावाच्या कंत्राटदाराच्या बांधकामावर दिसतात. तेथेच स्नोई मलोन हा तरुण गिलावा करतो. तो वृद्ध कामगार नेते जॉर्ज मलोन यांचा पुत्र. राजकीयदृष्ट्या सजग आणि आपल्या हातच्या कौशल्याचा अभिमान बाळगणारा. याच कामावर योसरने रचलेली भिंत वाकडी होते. गिलाव्याची सफाई आणि ती वाकडी भिंत यांतील विरोध बोलका आहे, कारण कायद्याच्या दृष्टीने दोन्ही कामे सारखीच बेकायदा ठरतात. तपासनिसांची धाड पडते. खिडकीतून दोराच्या आधारे पळू पाहणारा स्नोई खाली कोसळून मरण पावतो.

येथे लेखकाच्या हातून एक तडजोड घडली आहे. मृत्यूमुळे स्नोई हुतात्मा होतो आणि प्रेक्षकाची अडचण सुटते. जिवंत, खिशात रोख पैसे असलेला आणि उद्या पुन्हा सही करण्यास जाणारा स्नोई सहानुभूतीस अधिक कठीण ठरला असता. शिवाय मलॉयचे पात्र पुरेसे खोल उतरलेले नाही. या व्यवहाराचा खरा लाभार्थी तोच आहे. ज्याला स्वतःचे काम लपवावयाचे आहे, तो कमी मजुरीबद्दल वा धोकादायक परातीबद्दल तक्रार कोणाकडे करणार? कामगाराचे भय हीच कंत्राटदाराची बचत असते. हे सूत्र कथानकात आहे. पण कॅमेरा तपासनिसांच्या पाठलागात अधिक रमतो.

या तुलनेत ‘मूनलायटर’ हा दुसरा भाग दुर्लक्षित असूनही अधिक प्रामाणिक आहे. पूर्वीचा मुकादम डिक्सी गोदीत रात्री पहारा करतो आणि दिवसा बेकार असतो. माल चोरणारी टोळी त्याला डोळेझाक करण्यास भाग पाडते. पोलिसांकडे जावे तर स्वतःचेच काम उघडकीस येणार! एक लहान असत्य मनुष्याला मोठ्या गुन्ह्यापुढे कसे निःशस्त्र करते, हे येथे कोणाच्याही मृत्यूची मदत न घेता दाखविले आहे. डिक्सी सज्जन राहत नाही, खलनायकही होत नाही.

तिसऱ्या भागाचे ‘शॉप दाय नेबर’ हे शीर्षक शेजाऱ्यावर प्रेम करण्याच्या ख्रिस्ती आज्ञेचे विडंबन आहे. येथे शेजाऱ्याची चुगली अभिप्रेत आहे. जीन बोट यांनी रंगविलेल्या मिस सटक्लिफ या तपास विभागाच्या प्रमुख आहेत. या भागाचा कस मात्र क्रिसीच्या स्वयंपाकघरात लागतो. ज्युली वॉल्टर्स यांनी साकारलेली त्याची पत्नी अँजी, दुःख हसण्यावारी नेण्याच्या त्याच्या सवयीवर तुटून पडते. हा हल्ला एका परीने मालिकेच्या विनोदी शैलीवरही आहे. क्रिसी अखेर आपल्या पाळीव पक्ष्यांवर बंदूक चालवितो. लेखकाने आपल्या सर्वांत समर्थ अस्त्रावर आपल्याच पात्राकडून आक्षेप घेवविला, असे धाडस त्या काळच्या दूरचित्रवाणी नाट्यात विरळच म्हणावे लागेल.

मालिका पडद्यावर येण्याच्या महिनाभर आधी, सप्टेंबर १९८२ मध्ये, ऑक्सफर्ड येथे पोलिसांनी बनावट भत्ता कचेरी थाटून २८३ जणांना अटक केली होती. तेथील आरोप खोट्या पत्त्यांसंबंधी होते व संहितेशी त्या घटनेचा संबंध नाही. तथापि मालिका कोणत्या वातावरणात पाहिली गेली, हे तीवरून कळते. भत्ता घेणाऱ्याविषयीचा संशय सार्वत्रिक असताना लेखकाने ज्यांच्याबाबतीत तो संशय खरा होता अशीच माणसे निवडली. प्रेक्षकांनी मात्र स्मरणासाठी योसरला निवडले. २०२३ साली जेम्स ग्रॅहम यांनी केलेले रंगमंचीय रूपांतर लिव्हरपूलमध्ये सादर झाले, तेव्हाही प्रेक्षक ओळखून होते तो योसरच. रात्रपाळी संपवून सकाळी सहीच्या रांगेत उभा राहणारा डिक्सी आजही फारसा कोणाला आठवत नाही.